अभ्यासिकेतली खुर्ची रिकामी होत नाही: तरुणांच्या रोजगारासाठी सरकारने नेमकं काय करावं?

अभ्यासिकावाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अभ्यासिका चालवतो. बावन्न खुर्च्या, मुलींसाठी वरच्या मजल्यावर वेगळी खोली, महिना सहाशे रुपये. पहाटे पाचला कुलूप काढतो, रात्री अकराला लावतो. सुरू केली तेव्हा हिशोब असा होता की पोरं वर्ष-दीड वर्ष बसतील, लागतील किंवा दुसरा काही धंदा धरतील, त्यांच्या जागी नवी येतील. सतरा नंबरच्या खुर्चीवरचा मुलगा २०१७ च्या जूनमध्ये आला. तेव्हा चोवीस वर्षांचा होता. आजही तिथेच बसतो. खुर्चीवर त्याची घडी घातलेली चादर, समोर भिंतीला नकाशा, कोपऱ्यात डब्याची पिशवी. हुशार आहे, मेहनती आहे. दोन परीक्षांत अगदी थोडक्या मार्कांनी गेला. त्याचे वडील परवा फी द्यायला स्वतः आले आणि खाली मान घालून विचारलं, "सर, अजून किती दिवस?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा.

आधी आकडे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले १० लाखांच्या वर. खुल्या गटाला फी १,००० रुपये, मागासवर्गीयांना ९००. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांच्या वर अर्ज. म्हणजे एका जागेमागे शंभर पोरं मैदानात धावली, तीही ऐन पावसाळ्यात.

यावर लोक पटकन म्हणतात, "पोरांना सरकारी नोकरीचा नाद लागलाय, कष्ट नकोत." मीही म्हणायचो. मग एकदा सतरा नंबरच्या मुलाबरोबर कागद घेऊन बसलो. चाकणला त्याचा चुलतभाऊ कंत्राटदारामार्फत कामाला आहे. हातात तेरा हजार. खोलीचा वाटा तीन हजार, मेस तीन हजार, जाणं-येणं, मोबाइल, आजारपण. घरी पाठवायला दोन-तीन हजार उरले तर उरले. सात-आठ महिन्यांनी ब्रेक, पुन्हा नवा कंत्राटदार, पुन्हा पहिल्या दिवसाचाच पगार. पाच वर्षांनी त्याच्या हातात काय असेल? आजच्याइतकंच. हे सगळं मांडून झाल्यावर पोरगा मला म्हणाला, "सर, मग मी इथं बसलो तर माझं नुकसान काय?" त्याचं गणित चुकलेलं नव्हतं. वाट पाहणं त्याला परवडतं, कारण समोरचं काम त्याला कुठेच नेत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. बेरोजगारीवरचं धोरण म्हणून आपण पहिल्या दिवसाचा विचार करतो: प्रशिक्षण दिलं, विद्यावेतन दिलं, मेळावा भरवला, नेमणूकपत्रासह फोटो काढला. पोराच्या नोकरीतल्या दुसऱ्या वर्षाचा विचार कुणी करत नाही. दुसऱ्या वर्षी पगार वाढणार का, हातातलं कसब वाढणार का, पीएफचं खातं तेच राहणार का, हे ठरलं तर पोरं स्वतःहून खुर्ची सोडतील.

तुमच्यापैकी कारखानदारीत, सरकारी खात्यात, बँकेत असलेल्यांनी लिहा. जे काम झालेलं स्वतः पाहिलंय तेच लिहा, ही विनंती.

सातारकर

धागा चांगला आहे, पण एक गोष्ट सुटली. शिक्षण. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना (आयएलओ) आणि मानव विकास संस्थेने २०२४ मध्ये भारताचा रोजगार अहवाल काढला. त्यात २०२२ सालचा आकडा आहे: तरुण पदवीधरांमधली बेरोजगारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यात ३.४ टक्के. अशिक्षित पोरगं घरी बसूच शकत नाही, मिळेल ते करतं. पण पदवी घेतलेल्याच्या हातात बाजाराला हवं असलेलं काही नसतं, हेही खरंच आहे. गावोगावी बी.ए. काढलं आणि आयटीआयची यंत्रं तीस वर्षांपूर्वीची ठेवली. तुम्ही त्या मुलाला पहिल्याच वर्षी एखादा ट्रेड करायला का नाही सांगितलं?

अभ्यासिकावाला

@सातारकर, सांगितलं होतं दादा. तो म्हणाला, घरी म्हणतात ग्रॅज्युएट झालास आणि आता पाना धरणार का. हा दोष त्याच्या एकट्याचा नाही.

टूल_ऑफसेट

मी लिहू का? सातारा रस्त्यावर माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (ही संगणकावर चालणारी धातू कापायची यंत्रं), दोन जुने लेथ, सगळी मिळून अकरा माणसं. ऑटोच्या मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांना आम्ही माल देतो, म्हणजे साखळीतली तिसरी कडी.

मला बाराही महिने माणूस लागतो. जाहिरात दिली की चाळीस पोरं येतात. मी त्यांना एक तयार बुश हातात देतो आणि व्हर्निअरने (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) बाहेरचा व्यास मोजायला सांगतो. आयटीआय झालेल्या दहातल्या सात पोरांना मुख्य पट्टीवरचं वाचता येतं, पण व्हर्निअरची कुठली रेघ जुळली ते सांगता येत नाही. मायक्रोमीटर दिला तर रॅचेट न वापरता थेट आवळतात. चूक पोरांची नाही. विचारलं की सांगतात, "वर्गात एकच होता, सरांच्या कपाटात असायचा." दोन वर्षं ट्रेड करून ज्याने व्हर्निअर चार वेळा हातात धरला, त्याला मी पहिल्या दिवशी बारा हजारांच्या वर काय देऊ?

आता दुसरी बाजू. तेच पोरगं माझ्याकडे आठ महिने राहिलं, कुणी जवळ उभं राहून शिकवलं, तर ऑफसेट, म्हणजे यंत्राला मापातली बारीक दुरुस्ती, स्वतः द्यायला लागतं, ड्रॉइंग वाचतं, टूल तुटायच्या आधी आवाजावरून ओळखतं. तेव्हा त्याला अठरा-वीस हजार द्यायला मला काहीही वाटत नाही, कारण माझं रिजेक्शन थांबतं. पण ते आठ महिने महागात पडतात. माझा चांगला ऑपरेटर त्याच्यामागे अडकतो, माल खराब होतो, आणि शिकून झालं की शेजारचा प्लॉटवाला हजार रुपये जास्त देऊन घेऊन जातो. म्हणून छोटे लोक शिकवायच्या भानगडीत पडत नाहीत, तयार माणूस शोधत बसतात. सगळेच तयार माणूस शोधतात आणि तयार कुणीच करत नाही.

अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. आज तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. माझ्यासारख्याला ऐच्छिक. आणि देशातली बहुतेक वर्कशॉपं माझ्यासारखीच आहेत! सरकारला खरंच काही करायचं असेल तर वीस-पंचवीस छोट्या वर्कशॉपांचा एक गट करावा, त्यांच्यासाठी एमआयडीसीतच एक सामायिक ट्रेनिंग शेड, एक पगारी उस्ताद, आणि पोरं आठवड्यातले दोन दिवस तिथे, चार दिवस आमच्याकडे. जर्मनीत पिढ्यान्‌पिढ्या असंच चालतं. तिथे तिथल्या व्यापारी-कारखानदारांच्या मंडळाकडे परीक्षा असते, त्यामुळे दाखल्याला किंमत असते. आपण २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल माणसं पाठवायचा करार केला. माणसं पाठवण्याच्या आधी त्यांची पद्धत इकडे आणायला हवी होती, असं माझं प्रामाणिक मत आहे.

युवा_कार्य_२०२४

@टूल_ऑफसेट दादा, तुमच्याकडे आठ महिन्यांनी पोरगं कामाचं होतं म्हणता, मग माझा अनुभव वाचा.

मी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत होते. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० महिना. मी बी.कॉम., म्हणून दहा. सुरुवातीला मुदत सहा महिने होती, पुढे अकरा केली. नेमणूक एका सरकारी कार्यालयात. पहिल्या दिवशी मला एक टेबल, एक जावक रजिस्टर आणि स्टेपलर मिळाला. मी मनापासून काम केलं. संगणकावर नोंदी केल्या, दाखल्यांसाठी आलेल्या म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून दिले. तिथल्या बाई म्हणायच्या, तू नव्हतीस तेव्हा हे काम कसं चालायचं कोण जाणे. अकरा महिने झाले आणि संपलं. हातात प्रमाणपत्र आलं. त्यावर काय शिकले याची एक ओळ नाही, फक्त कालावधी आहे. मुलाखतीला गेले तिथे साहेबांनी ते उलटं करून पाहिलं आणि परत दिलं.

आम्ही मोर्चे काढले, कायम करा म्हणालो. सगळ्यांना कायम करता येणार नाही हे मलाही कळतं. पण ज्या कामासाठी मी अकरा महिने बसले ते काम खरोखर होतं ना? मग ती जागा रिकामी का आहे? आणि ते काम नव्हतंच, तर मला तिथे का बसवलं? या दोनपैकी एकाचं तरी उत्तर धोरण लिहिणाऱ्यांनी द्यायला पाहिजे.

अभ्यासिकावाला

ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद मी अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहिणार आहे.

नीम_ट्रेनी_होतो

वरच्या ताईंच्या दहा हजारांवरून आठवलं. कंपन्यांतही हेच होतं, फक्त नाव वेगळं. मी २०१८ ते २०२१ 'नीम ट्रेनी' होतो, म्हणजे पोरांना कामावर शिकवायच्या एका सरकारी योजनेतला शिकाऊ. कागदावर शिकाऊ, प्रत्यक्षात लाइनवर कायम कामगाराशेजारी तेच स्टेशन, तोच टार्गेट. ट्रेनी म्हणून पीएफ नाही. तीन वर्षांत मी एकच काम शिकलो, डाव्या बाजूचे चार बोल्ट टॉर्क करायचे. ती योजना पुढे बंद झाली, पण शिकाऊ म्हणून स्वस्त हात घ्यायची सवय गेली नाही. टूलदादा, तुमच्यासारखे शिकवणारे असतील तर शिकाऊ ठेवायला माझी हरकत नाही. पण नियम एकच असावा: दर चार महिन्यांनी पोराचं काम बदललं पाहिजे, आणि काय शिकला त्याची परीक्षा कंपनीबाहेरच्या माणसाने घेतली पाहिजे. नाहीतर अनुदान कंपनीच्या खिशात आणि पोरगं तिथल्या तिथं.

रोहयो_सेवानिवृत्त

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. थोडा जुना संदर्भ देतो, तरुण वाचकांना माहीत असेलच असं नाही.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने जे केलं ते देशात दुसरीकडे कुठे झालं नव्हतं. रोजगार हमी योजना (रोहयो) ही वि. स. पागे यांची कल्पना, आणि वसंतराव नाईकांच्या सरकारने ती उचलली. पुढे १९७७ चा कायदा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. त्यातली दोन कलमी ताकद लक्षात घ्या. एक, काम मागणं हा हक्क झाला. मागितल्यावर ठरलेल्या मुदतीत काम दिलं नाही तर भत्ता द्यायचा. दोन, पैसा. त्यासाठी व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून महिन्याला कापली जाणारी ती छोटी रक्कम मूळची खेड्यातल्या मजुरासाठी होती. आजच्या किती नोकरदारांना ठाऊक आहे? २००५ चा केंद्राचा मनरेगा कायदा याच वाटेने आला.

ही योजना पदवीधरासाठी नव्हती, हे खरं. माती काढायच्या कामावर बी.एस्सी. झालेली मुलगी येणार नाही आणि येऊ नये. पण तत्त्व तेच वापरता येतं. आमच्या काळात कामांची 'शेल्फ' तयार असायची. म्हणजे दुष्काळ पडण्याआधीच तालुक्यात कोणता पाझर तलाव, कोणता रस्ता, याचे अंदाजपत्रक मंजूर होऊन पडलेले. मजूर आले की काम सुरू. आज शिकलेल्या पोरांसाठी अशी शेल्फ कुठे आहे? जुन्या अभिलेखांचं संगणकीकरण, पाणीपुरवठा योजनांची देखभाल, शाळांतल्या सौर पॅनेलची दुरुस्ती, अंगणवाडीतल्या मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी, भूजल मोजणी. प्रत्येक तालुक्यात ही कामं पडून आहेत. अंदाजपत्रक आधी, पोरं नंतर. वरच्या ताईंच्या बाबतीत उलटं झालं: पोरं आधी आली आणि त्यांना काय द्यायचं ते कार्यालय शोधत बसलं.

आणखी एक. राज्यात दोन लाखांहून जास्त मंजूर पदं रिकामी आहेत. २०२२ मध्ये ७५ हजारांची भरती जाहीर झाली. भरती करायची तर दरवर्षी थोडी, ठरलेल्या महिन्यात करा. चार वर्षं काहीच नाही आणि मग एकदम हजारो जागा, यामुळे आशा लावून बसणाऱ्यांची फौज तयार होते. आम्ही आत असताना हे सांगत होतो.

पूर्वपरीक्षा_पाचवी_वेळ

काकांना पूर्ण अनुमोदन. त्यात वयोमर्यादा जोडा. २०१६ मध्ये ती खुल्या गटाला ३३ वरून ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ केली. तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. आज मी चौतीस वर्षांचा आहे आणि मनापासून सांगतो, त्या निर्णयाने माझी पाच वर्षं वाढली नाहीत, गेली. दरवर्षी घरी सांगायला कारण मिळालं, अजून वय आहे. जाहिरात कधी येणार हे कळलं असतं तर मी सत्ताविसाव्या वर्षी थांबलो असतो. आता मर्यादा कमी करा म्हणायची माझी हिंमत नाही, कारण ती कमी झाली तर मीच बाहेर जाईन. पण वेळापत्रक द्या. तारीख द्या. २०२१ मध्ये आरोग्य विभागाचा पेपर फुटला तेव्हा माझ्या खोलीतल्या चौघांपैकी दोघं गावी परत गेले. ते आज माझ्यापेक्षा बरे आहेत.

सातारकर

@पूर्वपरीक्षा_पाचवी_वेळ, वाचून वाईट वाटलं. मी वर "ट्रेड का नाही" असं विचारलं, ते जरा सहज बोलून गेलो. माफ करा.

दुसरी_पाळी

इथे एवढे प्रतिसाद आले, पण मुलींचं कुणी लिहिलं नाही. मीच लिहिते.

मी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स. गावापासून एमआयडीसी बावीस किलोमीटर. पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) असेंब्लीचं काम होतं, सोल्डरिंग आणि तपासणी. हात चांगला होता माझा, सुपरवायझरने तिसऱ्या महिन्यात टेस्टिंगला घेतलं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे महिन्याचे सात-आठशे वाचायला लागले. आईला ते फार मोठं वाटलं. पण एसटीची शेवटची गाडी सव्वाआठला. दुसरी पाळी सुटते रात्री साडेअकराला. कंपनीची बस हायवेच्या फाट्यापर्यंत, फाट्यापासून गाव साडेतीन किलोमीटर. पहिले चार महिने वडील मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभे राहायचे. मग त्यांचा गुडघा गेला. मी नोकरी सोडली. कागदोपत्री मी "स्वेच्छेने राजीनामा" दिला.

तमिळनाडूत श्रीपेरंबुदूरजवळ फॉक्सकॉनच्या कामगार मुलींसाठी सरकारी महामंडळाने १८,७२० जणींची राहायची सोय बांधली. २०२४ मध्ये सुरू झाली. मोबाइलचे कारखाने तिकडे का गेले याची कारणं खूप असतील, पण हेही त्यातलं एक आहे. आपल्याकडे कारखान्याला जमीन, वीज, करसवलत देतात. एक वसतिगृह आणि रात्री पावणेबाराची एक बस याला रोजगार धोरण म्हणत नाहीत. माझ्या दृष्टीने तेच धोरण आहे.

टूल_ऑफसेट

ताई, अगदी खरं. माझ्याकडे एकही मुलगी नाही. कारण विचारलं तर मी आजवर "मिळत नाहीत" म्हणायचो. माझ्या गल्लीत रात्री दिवासुद्धा नाही.

वसमतची_हळद

सगळे नोकरीवर बोलताय, मी धंद्यावर बोलतो. आमच्या भागात हळद पिकते. शेतकरी कुकरमध्ये शिजवतो, उन्हात वाळवतो, ढोलात घालून पॉलिश करतो आणि घाऊक बाजारात विकतो. पुढची सगळी कमाई, म्हणजे दळणं, पॅकिंग, नाव लावून विकणं, दुसरीकडे होते. आम्ही तिघा मित्रांनी दळण-पॅकिंगचं युनिट काढायचं ठरवलं. सूक्ष्म अन्नप्रक्रियेच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान होतं, कमाल दहा लाख. प्रकल्प अहवाल केला, जिल्ह्याच्या समितीने मंजूर केला. बँकेत अडकला. बँकेचं नाव नको, पण साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "वडिलांची जमीन तारण देता का?" आम्ही मागितलेल्या कर्जाला तारण लागत नाही हे आम्ही छापील कागद दाखवून सांगितलं. पाच महिने फेऱ्या मारल्या. शेवटी एकाच्या मामाने पैसे दिले आणि युनिट उभं राहिलं. आज सहा बायका आणि दोन पोरं कामाला आहेत. ज्याला मामा नाही त्याने काय करायचं?

माझी सूचना साधी. अर्ज नाकारला तर बँकेने कारण लेखी द्यावं आणि ते कारण जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत वाचलं जावं. आम्हाला तोंडी "नंतर या" सोडून काहीच मिळालं नव्हतं.

सातारकर

केंद्राने १ ऑगस्ट २०२५ पासून विकसित भारत रोजगार योजना सुरू केली. पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला दोन हप्त्यांत १५ हजारांपर्यंत, आणि मालकाला दर नव्या माणसामागे महिना ३ हजारांपर्यंत, दोन वर्षं. दुसरा हप्ता बारा महिने टिकल्यावर मिळतो. धागाकर्त्यांच्या "दुसऱ्या वर्षा"च्या जवळ जाणारं हे पहिलं पाऊल मला वाटतं. पीएफशी जोडलेलं आहे, त्यामुळे माणूस खरंच कामावर आहे की नाही हे दिसतं.

नीम_ट्रेनी_होतो

चांगलं आहे, पण जो माणूस तसाही घेणारच होता त्याच्यासाठीही मालकाला पैसे मिळणार. आणि केंद्राच्या इंटर्नशिप योजनेचं काय झालं ते पाहा. पाच वर्षांत एक कोटी तरुण, महिना ५ हजार. पहिल्या फेरीत सव्वा लाखाच्या वर जागा होत्या, प्रत्यक्ष रुजू झाले पावणेनऊ हजारांच्या आसपास. पाच हजारांत दुसऱ्या शहरात खोली तरी मिळते का? दुसरी_पाळी ताईंनी लिहिलं तेच. राहायचं कुठे आणि यायचं कसं, हे आधी.

अभ्यासिकावाला

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काल रात्री अकराला कुलूप लावायच्या आधी खाली बसलेल्या पंधरा-सोळा पोरांना मोबाइलवरून वाचूनही दाखवले. हळदीवर बरीच चर्चा झाली. रोहयोकाकांची 'शेल्फ' सगळ्यांना पटली. एकाने तिथल्या तिथे आमच्या तालुक्यातल्या बंद पडलेल्या नळयोजनांची यादी करायला घेतली, अकरा निघाल्या. ती यादी घेऊन आम्ही गटविकास अधिकाऱ्यांकडे जाणार आहोत. नोकरी मागायला नाही, अंदाजपत्रक मागायला. वरच्या मजल्यावरच्या मुलींनी एसटी आगाराला रात्रीच्या फेरीसाठी अर्ज लिहिलाय, त्यावर चौतीस सह्या झाल्यात.

टूलदादा, तुम्हाला एक विचारायचं होतं. सतरा नंबरचा मुलगा आणि आणखी चौघं तुमचं वर्कशॉप बघायला यायचं म्हणतात. कामाला लागायचंच असं नाही, पण तो व्हर्निअर त्यांना हातात धरून बघायचाय. येत्या रविवारी आणू का? परभणीहून रात्रीच्या गाडीने निघू.

टूल_ऑफसेट

जरूर आणा सर. रविवारी नको, त्या दिवशी मशीन बंद असतात, नुसतं लोखंड बघून काय करणार. सोमवारी सकाळी आठला या, पहिला जॉब लावतानाच उभे राहू देत. पायात चपला नकोत, बूट घालून यायला सांगा. जेवण माझ्या घरी.